सलीमभाईच्या काड्या

रविवार, दिवेलागण

अतिरेकी हल्ल्याची बातमी आली आणि ग्रामपंचायतीची दोन्ही पॅनलं एक झाली. आज दुपारी माझ्या मळ्यात भरीत पार्टी. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पॅनलांचे म्होरके, नाना आणि आबा, मांडीला मांडी लावून बसले. नाना म्हणाले, "आते आपण बठ्ठा एकच शेतस." आपण सगळे एकच, यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दरवर्षी वांगी भाजतो शेजारच्या मळ्यातला सलीमभाई. त्याला बोलावू नका, असं कुणी म्हणालं नाही. बोलावलंही नाही. सकाळी वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा बांधावर टाकून त्यानं विचारलं होतं, "दादा, किती वाजता येऊ?" मी म्हणालो, "फोन करतो." फोन खिशातच राहिला.

वांगी कच्ची राहिली. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. नेमका कुणाला घाबरलो मी? अतिरेक्यांना, की नानांना?

आत्ता त्याचाच फोन आला. "दादा, काड्या पुरल्या ना?"