दाराची क्रोमपट्टी

बाबा, हल्लीच्या गाड्यांना क्रोम नसतं हो. प्लॅस्टिकवर चकाकी मारलेली असते, फडकं फिरवलं की झालं. तुम्ही असल्या गाडीत बसलाही नसता. आपल्या जुन्या गाडीच्या बंपरवर जव्हारच्या पावसानं तांबडे ठिपके उठायचे आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून घासा, गंज जातो. झालं! सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे गुरुजी रोज संध्याकाळी टपरीसमोर वाकून रिकामी पाकिटं वेचायला लागले. टपरीवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरुजी, भरलेलंच घ्या ना, घरी नाय सांगत मी." गावभर बोभाटा! आईनं तर तुमच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. पुढं तिनंच एकदा मदत म्हणून चुलीतली राख लावून बंपर घासला. बंपरवर ओरखडेच ओरखडे. "तो काय तांब्या आहे?" एवढं म्हणून तुम्ही तिच्याशी बोलणंच टाकलंत. "माझी भांडी राखेनंच लखलखतात, ही कोण महाराणी लागून गेली!" असं ती भिंतीला ऐकवायची.

माझ्या हळदीला तुम्ही कुठं होता? अंगणात. दाराची लांब क्रोमपट्टी काढून घासत बसला होता. काढताना तिच्या क्लिपा तुटल्या, म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून ती परत बसवलीत. आत्या ओरडली, "अरे, हळद कुणाला लावायची, पोरीला का गाडीला?" आणि दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी तुम्हीच स्टिअरिंगवर जाऊन बसलात! पोरीला सोडायला करवली जाते, बाप जात नाही, सगळ्यांनी समजावलं. तुमचं एकच पालुपद, "गाडी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही." मांडवात हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोखाड्याच्या वाटेवर एका वळणाला गाडी खड्ड्यात आदळते आणि खण्णकन पट्टी पडते. तुम्ही करकचून ब्रेक मारता. पुढं बसलेले माझे सासरे म्हणतात, "व्याही, राहू द्या हो, पट्टीच ती." तुम्ही ऐकताय कुठले! उतरून मागं चालू लागता. वऱ्हाडाचा टेम्पो हॉर्न मारतोय, नवरा घड्याळ बघतोय, करवली फिदीफिदी हसतेय. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मीही हसतेय. किती राग आला होता मला तुमचा, आणि तुम्ही लवकर येऊच नये असंही वाटत होतं.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? राहील माझ्याच कपाटात. पण एक सांगते, बाबा. मी मागच्या काचेतून पाहत होते. पट्टी तुमच्या हातात होती, उन्हात चकाकत होती. आमच्याकडं पाठ करून तुम्ही पायानं उगाच गवत चाळवत होता आणि सारखे बाहीनं डोळे पुसत होता. सासऱ्यांनी विचारलं, "सापडली का गं?"

मी म्हणाले, "नाही अजून. शोधतायत."