भोवऱ्याची घोडी

श्रीनिधी,

अप्पा हृदय बंद पडून गेले, गौरी घोडीच्या लाथेने नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी आज सकाळी तसं सांगितलं. मला अजून खरंच वाटत नाही. अमरगोळला मिरचीचे सौदे उरकून आलेला माणूस केलगेरीच्या तबेल्यात घोडीला चारा घालताना कोसळतो! मी पोचले तेव्हा ती गाभण घोडी त्यांच्याशेजारी खूरसुद्धा न हलवता उभी होती.

तरी काल तू फोनवर म्हणालास, "तिच्या डोळ्याखाली केसांचा अशुभ भोवरा आहे. तिनेच अप्पांना खाल्लं. विकून टाक."

अशा भोवऱ्यांमुळे लोकांनी नाकारलेल्या घोड्या अप्पा मुद्दाम आणायचे. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, म्हणून आपलं लग्न ठरताना तुझ्या आत्याने मला नको म्हटलं, तेव्हा ते हसले होते. "अक्का, माझा तबेला बघ. सगळ्या अशाच, आणि मी कसा टुणटुणीत! येऊ दे पोरीला."

आज गौरीला बोल लागला, उद्या मला लागेल. हे पत्र तुला पाठवायचं धाडस होत नाही.

तू ठरवलेला व्यापारी शुक्रवारी ट्रक घेऊन येणार आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, गौरी गुरुवारपर्यंत विईल. तबेल्याची किल्ली माझ्याकडे आहे, ती मी त्या व्यापाऱ्याला देणार नाही.

सावनी