सातवा ठिपका

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली; उरलेली तीन मानून घे.) वि. वि. प्लॅस्टरमधला पाय कसा आहे? त्याच्यामुळेच तुझा बालवर्ग आठवडाभर माझ्या गळ्यात पडला, हे मी विसरलेलो नाही.

"मोजायला लावू नकोस, दिसू दे," हा तुझा मंत्र. ठिपक्यांचं कार्ड क्षणभर दाखवायचं, पोरांनी बघताक्षणी आकडा सांगायचा. अडलं तर दहा घरांच्या चौकटीत बटणं मांडून बघायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी सोमवारीच बजावलं, शुक्रवारी स्वतः परीक्षा घेईन. जमलं नाही तर हा पसारा माळ्यावर आणि पुन्हा एक ते शंभरची घोकंपट्टी. म्हणजे तुझी तीन वर्षांची मेहनत माझ्या हातात! (हात तुला ठाऊक आहेतच.) त्यात तुझी कार्डं मी पहिल्याच दिवशी पाण्याच्या पिंपात पाडली. मग रात्रीतून नवी रंगवली, मागे आकडे घालून. झोकात!

तर ताई, सहाचं कार्ड दाखवलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "सात!" मी मागचा आकडा बघून म्हणायचो, सहा. तीन दिवस हेच. पुढचे दोन दात पडलेली तुझी ती ठकी तर म्हणाली, "काका, तुम्ही मागचं वाचताय. पुढं बघा ना!" मी तिला गप्प बसवलं. अनुभव म्हणून काही असतो की नाही?

शुक्रवारी बाईंनी नेमकं तेच कार्ड उचललं. "सात!" बाईंनी कार्ड उलटलं, मान हलवली आणि शिपायाला शिडी आणायला सांगितली. तेवढ्यात ठकी उठली. एकेका ठिपक्यावर बटण ठेवलं, मग ती बटणं चौकटीत मांडली: वरची पाच घरं भरली, खाली दोन. "तीन घरं रिकामी. म्हणून सात," म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

बाईंनी चष्मा चढवला. सातवा ठिपका म्हणजे माझ्या ब्रशवरून गळलेला थेंब होता. चांगला गोल, टपोरा, बाकीच्या सहांपेक्षा सुबक. "हे कार्ड कुणी केलं?" बाईंनी विचारलं. तीस बोटं माझ्याकडे वळली. (मोजली नाहीत, दिसली.)

पसारा वाचला. शिडी परत गेली. त्या वर्गात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. डॉक्टर सोमवारी प्लॅस्टर काढणार म्हणे. हाडाच्या बाबतीत इतकी घाई बरी नव्हे.

ता. क. २. खरं सांगतो. मला पाचपर्यंतच दिसतं, पुढे बोट लावावं लागतं. ठकीने आठवड्याभरात दहापर्यंत नेईन म्हणून कबूल केलंय. तेवढं लंगडशील का?