ह्यांनी घेतलेली शपथ

पुआनॉप्सिऑन महिना, १२

हे नाही म्हणाले! शपथ घेणार नाही म्हणजे नाही.

भाऊबंदांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी, २१ला, आमच्या फिलीनोसचे केस कापायचे, बोकड वेदीपाशी न्यायचा, आणि बापाने भाऊबंदांसमोर शपथ घ्यायची — हा माझा मुलगा, माझ्या लग्नाच्या बायकोचा. एवढंच! तो लहान असताना सासऱ्यांनीच ह्यांच्या जागी शपथ घेऊन निभावून नेलं. आता ते नाहीत. शपथ झाली नाही तर पोरगा अथेन्सचा नागरिक नाही. घर नाही, जमीन नाही.

१३

हे अंगणात आपल्या शिष्यांना सांगत होते, "ज्याच्या साध्या बोलण्यावर विश्वास नाही, त्याच्या शपथेवर तरी का ठेवावा? एकदा शपथ घेतली की बाकीचं सगळं बोलणं संशयाचं." शिष्य माना डोलावतात. त्यांचं काय जातंय! मी आत लोकर पिंजत होते. अर्धी वाया घालवली.

१५

दीर आले, हेगीलोस. आमचा पोरगा बाजूला झाला की ऑलिव्हची बाग त्यांच्या मुलांना! मला ऐकू जाईल अशा आवाजात — "दादा, तत्त्वज्ञान बरं सापडलं तुला! तू मोहिमेवरून आलास आणि सातव्या महिन्यात पोर हजर! घेच शपथ, बोकड वेदीवरून ओढून हरकत घेतो की नाही बघ."

हे जेवत राहिले! ताट उचलून फेकावंसं वाटलं.

१७

"अहो, माझ्यावर विश्वास आहे ना?"

"अगं, प्रश्न तुझा नाही, शपथेचा आहे."

"मग सांभाळा तुमचं तत्त्व, आणि करा पोराला परका!"

फिलीनोस दारात उभा होता. "बाबा, मी कोणाचा?"

हे उठून बाहेर गेले. 

२१, सकाळ

बापलेक वेदीकडे गेले. बायकांना तिथे जागा नाही.

२१, संध्याकाळ

घेतली! झ्यूसचं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी! दिरांनी बोकडाचं शिंग धरलं तर भाऊबंदच भडकले — "जन्मात शपथ न घेणारा माणूस आज घेतोय, आणखी काय हवं तुला?" एकमताने पोराचं नाव यादीत लागलं. फिलीनोस तुळतुळीत डोकं घेऊन आला, मी रडले, हसले, मांस करपवलं.

२२

शिष्यांना परत पाठवलं. ह्यापुढे शिकवणार नाही म्हणाले. का, विचारलं. वर न बघता म्हणाले, "काल देवासमोर खोटं बोललो. तुम्हा दोघांसाठी."

फिलीनोस ह्यांचाच आहे. सोळा वर्षांत ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही.