व्हर्टिकॉर्डियाला पाणी घालू नये

प्रिय फहमिदा,

सलाम. तू माझ्याहून लहान आहेस, तेव्हा आशीर्वादही घे. बंगळुरूला लेकीकडे तुझे गुडघे आता बरे आहेत असं उजमा म्हणाली. (तू फोनवर फक्त तिथल्या चहाबद्दल बोललीस.) माझी तब्येत उत्तम आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

आता मुद्द्याचं. शौकतभाई गेल्यावर छावणीतलं तुमचं दोघांचं घर सोडताना तू त्यांच्या हातचं ते व्हर्टिकॉर्डियाचं झुडूप माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस, आणि आता म्हणतेस की माझ्यावर ओझं नको, रविवारी जिब्रान येऊन ते लासूर स्टेशनच्या नव्या घरी नेईल. झाड तुझं, पुतण्या तुझा. मी मध्ये बोलायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात बोलते.

हे झाड ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, वाळूच्या माळावरचं आहे, हे शौकतभाईंनी मला दहादा सांगितलं होतं. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, आणि खत म्हणजे त्याला विषच. अशा झाडाला आपल्या शहरात काही त्रास होईल असं वाटलं नव्हतं. इथं माणसांनाच पाणी मिळत नाही. पण तू विसरलीस, नळाला पाणी आलं की आपल्याकडे काय होतं ते. आठवडाभर जपून वापरलेलं पाणी त्या दिवशी एकदम शिळं होतं. ड्रम रिकामे करायचे म्हणून सगळी गल्ली बादल्या घेऊन बाहेर येते आणि दिसेल त्या झाडावर पुण्य करते. माझा ओटा रस्त्याला लागून. शेजारच्या राजाबाईंची पहिली बादली नेहमी माझ्याच कुंडीत.

मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तहानलेल्याला पाणी नाय द्यायचं? लई पाप लागंल." मी म्हटलं, ते तहानलेलं नाही, त्याचा चेहराच तसा आहे. (पानं सुईसारखी, रंग राखाडी. कॉन्व्हेंटमध्ये आपल्या गणिताच्या सिस्टर अशाच दिसायच्या आणि त्यांनाही कुणी पाणी विचारत नसे.) शेवटी मी कुंडीवर पाटी लावली, 'पाणी घालू नये'. त्याचा परिणाम असा झाला की झाडाचं काहीतरी कडक व्रत आहे अशी बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी कुंडीला हळदकुंकू लागलं होतं, आणि हळदकुंकवामागून अर्थातच तांब्याभर पाणी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. समोरचे नानासाहेब, शेतकी खात्यातून निवृत्त, त्यांना झाड अशक्त वाटलं. त्यांनी मला न विचारता मूठभर डीएपी खत टाकलं आणि वर मलाच सांगितलं, "आता बघा कसं उठतं." मी चमच्यानं वरची माती खरवडली, कोपऱ्यावरच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली आणि ओट्यावर बसून धुतली. पाणीटंचाईत बाई वाळू धुतेय हे बघायला किती लोक थांबले ते विचारू नकोस. पोस्टात इतकी वर्षं काउंटर सांभाळला, पण एवढी रांग तेव्हाही नव्हती.

झाड जगलं. मागच्या आठवड्यात त्याला पिवळी फुलं आली, कडेला कात्रीनं झालर कापल्यासारखी. शौकतभाईंना ती बघायला मिळाली नाहीत. मी रोज सकाळी चहा घेऊन त्या फुलांसमोर बसते. दुसरं काही कारण नाही, तिथं ऊन चांगलं येतं.

परवा जिब्रानचा कुंडीचं माप विचारायला फोन आला. "आंटी, फिकर मत करो. खड्डा तयार आहे, दोन पाट्या शेणखत टाकलंय, ड्रिप पण जोडलं." मुलगा गुणी आहे. झाड मात्र त्याच्याकडे महिनाभरही टिकणार नाही. तरी निर्णय तुझा. मला ओझं उतरल्याचा आनंदच आहे. तुझं पत्र किंवा फोन येईपर्यंत मी काहीही करणार नाही.

उजमाला आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझी,
रत्नमाला

ता. क. पत्र बंद करतच होते, तेवढ्यात जिब्रान टेम्पो घेऊन हजर. रविवारी त्याला वेळ नाही म्हणे. त्याला मी कुंडी दिली. फार खूश होऊन गेला. फुलं कधी येतात असं त्यानं विचारलं, मी म्हटलं, सबर ठेव.

ता. क. २. दिली ती मोरपंखी. तिला पाणी, शेणखत, ड्रिप सगळं चालतं. तो व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवील, तेव्हा तू फक्त 'माशाअल्लाह' लिही आणि शौकतभाईंची आठवण आली असं म्हण. एवढ्यासाठीच हे पत्र आज स्पीड पोस्टानं पाठवतेय.

ता. क. ३. मोरपंखी राजाबाईंच्या दारातल्या जोडीतली होती. त्या वैजापूरहून उद्या परत येतात. त्यांनी तुला फोन केला, तर तुला काहीच माहीत नाही.