भर उन्हाळ्यात लोकर

३ मे, शनिवार

नाही म्हणजे नाही! स्वेटर अंगात घालून, बाह्या मनगटापर्यंत ओढून, आरशात पुढून-मागून पाहिल्याशिवाय तो माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. सूनबाई दुकानात बसू लागली त्या दिवसापासून तिला हे ठाऊक आहे, तरी आज तिने विचारलेच — "बाबा, सेलपुरता हा नियम बाजूला ठेवायचा का? या उकाड्यात लोकर कोण अंगाला लावून घेईल?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तेच आहे.

सेलची कल्पना मात्र तिचीच, आणि उत्तम. गल्लीतील सर्व लहान दुकानांनी मिळून ऐन मे महिन्यात ‘हिवाळी सुट्टीचा बाजार’ भरवायचा. दारोदार कापसाचा बर्फ, खेळणीवाल्या बाईंकडे भेटवस्तूंची रंगीत वेष्टने, आमच्याकडे लोकर निम्म्या किमतीत. स्टेशनाजवळचा तो झगझगीत मोठा बाजार आमचे गिऱ्हाईक ओढून नेतो. त्याला आम्ही उलट्या ऋतूत गाठणार.

जागेचे मालक महिनाअखेरीस उत्तर मागत आहेत. आणखी पाच वर्षांचा करार करा, नाहीतर जागा सोडा. सही मी करणार, हे ठरलेले आहे. हे दुकान उन्हाळ्यातही चालू शकते, एवढे सिद्ध व्हायचे राहिले आहे.

६ मे, मंगळवार

रंगाऱ्याने फलक आणला. ‘भव्य सेल’ या शब्दांपुढे तीन उद्गारचिन्हे! दोन पुसून घेतली. तो कुरकुरला, "मास्तर, त्यांचे वेगळे पैसे लावलेत का मी?"

मी जन्मात कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. तरी गल्ली मला मास्तर म्हणते. माझी तक्रार नाही.

१० मे, शनिवार

सेलचा पहिला दिवस. गर्दी भरपूर, विक्री नावापुरती.

एका बाईंनी उंच गळ्याचा स्वेटर डोक्यावरून घातला आणि आतूनच ओरडल्या, "अगं, काढ मला बाहेर! शिजले मी!" बहिणीने बाह्या धरून ओढून काढले. दोघी हसत हसत समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात शिरल्या आणि त्यांच्यामागोमाग माझे उरलेसुरले गिऱ्हाईकही!

समोर म्हणजे गारेगार. हे नाव त्या आइस्क्रीमवाल्याला गल्लीनेच ठेवले आहे. त्याच्याशी माझे बोलणे नाही. माझ्या गिऱ्हाइकाला, माझ्याच पायरीवर उभे राहून, "लोकर टोचते हो," असे त्याने सांगितले होते. वर्षे लोटली, वाक्य मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आता तरी?"

"नाही."

११ मे, रविवार

नियम मी मोडेना, हट्ट ती सोडेना. दुपारी तावातावाने समोर गेली ती गारेगारला सोबत घेऊनच परतली. तो पायरीखालीच उभा राहिला. एवढी अक्कल त्याला आहे.

"मास्तर, माणसं माझ्याकडं पाठवा. आत दुधाची थंड खोली आहे. आरसा तेवढा तुमचा आणा."

"आणि लोकर टोचते, त्याचे काय?"

"टोचू दे की! तिथं अंग इतकं बधिर होतं, सुई टोचली तरी कळायचं नाही."

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. आरसा दिला.

१३ मे, मंगळवार

रांग! गल्लीच्या वळणापर्यंत रांग!

१७ मे, शनिवार

रोज त्या थंड खोलीत स्टुलावर बसतो, कोट घालून, गळ्यात टेप अडकवून. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे, दंडावर उतरता कामा नये. तोंडातून वाफा निघतात. बाहेर डांबर वितळते आहे आणि येथे माणसे हात चोळत मला विचारतात, "आजोबा, याहून जाड नाही का?" असा प्रश्न मे महिन्यात ऐकला आणि कान तृप्त झाले.

आज एक जोडपे आले. नवऱ्याने स्वेटर घातला आणि तो खोलीतून हलेनाच.

"अहो, चला ना आता. छान दिसतोय."

"थांब गं. नीट बसलाय का बघू दे."

"स्वेटर बसलाय. तुम्हीही बसलाय. उठा!"

दोन घेतले. बाहेर पडताच आइस्क्रीमही घेतले. गारठलेला माणूस आइस्क्रीम कशाला खाईल, अशी माझी अटकळ होती. ती साफ चुकली.

गर्दी ओसरल्यावर गारेगार दुधाच्या कॅनवर टेकला. म्हणाला, "तुमची गर्दी असते तेव्हा मी दारात बसून ती बघत असतो, मास्तर. थंडीत माझ्या दुकानात माशीसुद्धा येत नाही."

हा मनुष्य इतकी वर्षे सबंध हिवाळा माझ्या दुकानाकडे पाहत बसतो, हे मला ठाऊक नव्हते.

२५ मे, रविवार

सेल संपला. फळ्या रिकाम्या. गल्लीतले सर्वजण सूनबाईचे कौतुक करीत आहेत. नदीपलीकडच्या दुकानदारांनी तर तिला बोलावणे धाडले आहे — त्यांचा बाजारही तिनेच भरवून द्यावा म्हणून.

जेवताना मी विजयी सुरात जाहीर केले, "शनिवारी सही करतो. पाच वर्षे!"

तिने घास खाली ठेवला. "सही तुमची, बाबा. पण ती पाच वर्षं माझी आहेत. सहा महिने गर्दी, सहा महिने रिकाम्या दुकानात पंख्याखाली बसणं. मला विचारलंत का एकदा तरी?"

मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणजे त्याला हे आधीपासून माहीत होते.

मी म्हणालो, "दुकान चालते, हे तूच सिद्ध केलेस."

"दुकान नाही चाललं. तुमचं दुकान आणि त्यांची खोली, दोन्ही मिळून चाललं."

२६ मे, सोमवार

तिच्या वाक्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. शोधून पाहिला.

२८ मे, बुधवार

आज स्वतः रस्ता ओलांडून समोर गेलो. गारेगारने स्टूल पुसून दिले, बसलो. बराच वेळ बोललो. काय ठरले ते लिहीत नाही; या वेळी आधी सूनबाईला विचारीन.

३१ मे, शनिवार

सही केली नाही. मालकांच्या हातावर किल्ली ठेवली. ते बघतच राहिले.

दिवाळे नाही, भांडण नाही. हिवाळ्यात समोरच्या दुकानात लोकर, उन्हाळ्यात आइस्क्रीम. सूनबाई सहा महिने दुकानात, सहा महिने तिच्या बाजारांसाठी मोकळी. ती "चालेल" म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग पुन्हा बाहेर येऊन "चालेल" म्हणाली.

पाटीवर दोन नावे आहेत. ऋतू पालटला की वरचे खाली आणि खालचे वर करायचे. गारेगारने आज ती स्वतः शिडीवर चढून लावली. मी खालून शिडी धरली.

सध्या उन्हाळा आहे. माझे नाव खाली.