नाव कोरलेलं ताट

रविवार, ४ मे

पाण्याची मोटार जळाली! आठवड्यानं कधीतरी नळाला पाणी येतं, त्या दिवशीच जळायची होती मेलीला. वरची टाकी बादल्यांनी भरली. आश्रमातल्या सगळ्या पोरी जिन्यावर ओळीनं, आणि टाकीपाशी मी. कंबर धरली ती धरलीच.

श्रेयानं अर्ध्यात बादली सांडली आणि वर दात काढते — "मावशी, जिना धुवायचाच होता ना!" चौदाची आहे, जीभ मात्र चाळिशीची. ओरडायचं होतं, पण अंगात दम नव्हता.

एवढ्या गडबडीत रूपानं पाईप भिंतीवरून पलीकडं टाकलाच. शेजारच्या केसरबाईच्या नळाला दाब नाही, तिचा हौद आमच्या नळावरून भरतो. पाच वर्षं हे रूपाच करते, कुणी न सांगता. म्हातारीनं कधी 'बरं झालं पोरी' म्हटलं असेल तर शपथ! उलट दुपारी भिंतीपलीकडून आवाज — "पोरींना आवरा जरा! वस्तीय का बाजार?"

सोमवार, ५ मे

रूपा बारावी पास. चांगले मार्क पडले. गोडाचा शिरा केला. बारक्या संस्कृतीनं ताईच्या वाटणीचाही खाल्ला आणि रात्री पोट दुखतं म्हणून बसली.

मंगळवार, ६ मे

संस्थेच्या मेघा मॅडम आल्या होत्या. मला वाटलं मोटारीचं बघायला. मोटारीचं नव्हतं, रूपाचं होतं.

आमच्याकडं येणाऱ्या पोरीची जन्मतारीख कुणालाच माहीत नसली की एक जून लिहितात. शाळेतही तेच, कागदोपत्रीही तेच. त्यामुळं आमच्या अर्ध्याअधिक घराचा वाढदिवस एकाच दिवशी, एकाच केकवर! आणि त्या दिवशी जी अठराची होते तिनं केक खाऊन पिशवी उचलायची. जाताना संस्थेकडून एक स्टीलचं ताट मिळतं, गुलमंडीच्या बाजारातून नाव कोरून आणलेलं. जिथं जाईल तिथं स्वतःच्या ताटात जेवावं म्हणून. मॅडमचीच कल्पना, हेतू चांगलाच आहे. पण पोरींना त्या ताटाची धास्ती बसलीय. भांड्याच्या दुकानाची पिशवी दिसली की घरात कुणी बोलत नाही.

यंदा रूपा.

"मॅडम, मी थंडीतली हाय," रूपा म्हणाली. "आई सांगायची, शेकोटीपाशी झालीस म्हणून. म्हंजे अजून सहा महिने हायेत मला."

"बाळा, कागदावर शेकोटी कशी लिहू?" मॅडमही रडकुंडीला आल्या होत्या, खोटं नाही सांगत. पुण्याला अठरावरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळालीय. तीही मोठ्या मुश्किलीनं.

आणि संस्कृती? रूपाची सख्खी बहीण, आठ वर्षांची. आई गेल्यावर रूपाच तिला कडेवर घेऊन आली होती इथं. अजून ताईच्या ओढणीचं टोक मुठीत घेतल्याशिवाय झोपत नाही. ती पुण्याला जाऊ शकत नाही. रूपा इथं राहू शकत नाही. काय करावं माणसानं!

शेवटी ठरलं ते असं — रूपा सध्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये शिकायला जाते, तिथले सर कायम करतो म्हणालेत. एक जूनच्या आत जवळपास धड खोली मिळाली तर मॅडम तिला इथंच राहू द्यायच्या कागदावर सही करणार. नाही मिळाली तर त्याच संध्याकाळी पुण्याची गाडी.

शुक्रवार, ९ मे

खोल्या बघत फिरलो, मी आणि रूपा. चिकलठाण्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ऊन असं की चपलेचा तळ भाजतो.

एकीनं विचारलं, आईबाप कुठंय? दुसरीनं विचारलं, एकटी का राहते? तिसरीनं पाणी दिलं, पंखा लावला, गोड बोलली, मग आडनाव विचारलं. रूपाचं नाही, माझं! सांगितलं. लगेच तिला आठवलं की खोली भाच्याला द्यायचीय. गावाकडं पिशोरला असताना हे ऐकत होते, इथं शहरात येऊनही तेच. भाचे मात्र लई झालेत या शहरात.

रूपा परत येताना हसून म्हणाली, "मावशी, माझ्या आडनावापर्यंत तर कुणी आलंच नाय."

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. पोरींनी मेणबत्त्या लावल्या, छान दिसत होतं. केसरबाईकडं वाटीभर खीर भिंतीवरून दिली. "उपास हाय," म्हणाली. वाटी जशीच्या तशी परत. शेजार इतक्या वर्षांचा, पण आमच्याकडचं पाणी तिच्या हौदात चालतं, खीर तोंडात चालत नाही. मीच मूर्ख, दरवर्षी देते.

रविवार, १८ मे

वाळूजला इंद्रजीतकडं जाऊन आले. पोरगं कंपनीतून नाइट करून आलेलं, डोळे लाल. सूनबाईला सातवा महिना.

मनात घोकत गेले होते, तरी विचारताना जीभ जड झाली. म्हटलं, "बाबा, एक पोरगी आहे. थोडे दिवस. गुणाची आहे."

त्यानं डोळे चोळले. मग म्हणाला, "आई, तू ये. कवापासून म्हणतोय. तुला खोली काढून ठेवली. पण दुसऱ्याची पोरगी नको ना. उद्या काय झालं तर?"

राग आला. मग त्याच्याकडं बघितलं आणि रागही टिकला नाही. त्याचंही काय चुकलं? त्याच्या वाढत्या वयात त्याची आई बारा पोरींचं बघत राहिली आणि सणाला कधी वेळेवर घरी गेली नाही.

त्याला सांगितलं, जून लागला की येते. मॅडमना परवाच बोलले आहे, दुसरी बाई बघा म्हणून. खरंच थकले मी. कुणाच्या उवा, कुणाची पाळी, कुणाचं गणित, कुणाचं रात्रीचं दचकणं. रूपाचं एवढं मार्गी लागलं की सुटले.

बुधवार, २१ मे

मोटार दुरुस्त. पुन्हा बंद. श्रेयाला ताप.

शनिवार, २४ मे

खोली मिळाली होती! मुकुंदवाडीला, गच्चीवरची, पत्र्याची. पण स्वच्छ. घरवाली कडूबाई, तीही नोकरीवालीच. रूपानं तिथल्या तिथं कोनाड्यात काय ठेवायचं ते ठरवून टाकलं. संस्कृतीला रविवारी कुठं बसवायचं तेही.

संध्याकाळी कडूबाईचा फोन. "तुम्ही आश्रमातल्या पोरीसाठी म्हणालात होय? आम्हाला वाटलं तुमची भाची. नाय हो, आमच्या घरात लहान लेकरं हायेत."

लहान लेकरं आहेत म्हणे! आमच्याकडं काय वाघ राहतात? फोन आपटला. मग बटण तुटलं म्हणून मलाच वाईट वाटलं.

रूपा भाकऱ्या थापत राहिली. एकही करपू दिली नाही.

बुधवार, २८ मे

मॅडम ताट कोरून घेऊन आल्या. पिशवी कपाटावर ठेवली तरी सगळ्यांना कळलंच. संस्कृतीनं रूपाच्या ओढणीला स्वतःच्या फ्रॉकची नाडी बांधून ठेवलीय. कुणी सोडायला गेलं तर चावते.

शुक्रवार, ३० मे

आज पाणी आलं. रूपा लॅबमधला शेवटचा दिवस म्हणून सकाळीच गेली. पाईप पलीकडं टाकायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. खोटं का बोलू, राहिलं असतं तरी टाकला नसता मी.

पाणी गेल्यावर फाटकाशी काठी वाजली. केसरबाई! पाच वर्षांत पहिल्यांदा आमच्या फाटकात.

"पाईप का नाय आला?"

"पाईपवाली परवा चालली पुण्याला," मी म्हटलं. तोंड सुटलंच माझं. "अठराची झाली. आता कायमची. तुमचा हौद आता तुमच्या पोरांना फोन करून भरा!" तिचे दोन्ही मुलगे पुण्यात, दिवाळीलाच येतात, अख्ख्या चिकलठाण्याला माहीत आहे. बोलायला नको होतं. पण बोलले.

"आणि ती बारकी?"

"ती इथंच."

म्हातारी फाटक धरून उभी राहिली. माझ्या अंगणात वाळत टाकलेल्या चादरींकडं बघत होती. मला वाटलं चक्कर येते की काय. मग काठी टेकत गेली.

शनिवार, ३१ मे

पलीकडं दिवसभर काहीतरी आपटणं, ओढणं चालू. धूळ सगळी आमच्या कपड्यांवर. जाऊन बोलायचंही त्राण नाही. रूपाची पिशवी भरली. संस्कृती पिशवीवरच झोपली.

रविवार, १ जून

केक कापला. कुणी खाल्ला नाही, नुसतं चिवडलं. वाढदिवस बऱ्याच जणींचा, पण तोंडं सगळ्यांची दहाव्याला बसल्यासारखी.

मॅडमनी रूपाच्या हातात ताट दिलं आणि काठी वाजली. केसरबाई सरळ आत, बैठकीत.

"बघू ताट."

रूपानं दिलं. म्हातारीनं चष्म्याखालून वाचलं, बोट फिरवलं. "रूपा. बरं कोरलंय." ताट काखेत मारलं आणि निघाली की बाहेर!

"ओ आजी, आमचं ताट!" श्रेया मागं धावली. तिच्यामागं रूपा, रूपाला बांधलेली संस्कृती, मग आम्ही सगळ्याच. केसरबाई स्वतःच्या ओट्यावर चढून वळली. "जेवायला इथं यायचं आजपासून. वरची खोली झाडून घेतलीय काल. पगार झाला की भाडं दे. आणि बारकीला भिंतीवरून हाक मारायची, आमी काय बोभाटा करणार नाय."

रूपा तशीच उभी. मला मात्र संशय आला. फुकटची मोलकरीण शोधतेय ही! सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी कामाला ठेवताय का?"

म्हातारी असली भडकली! "कामाला बाई येती माझ्याकडं, दोन टाइम! मला बोलायला माणूस नाय, बाई. दिसभर तुमच्या पोरी बोंबलतात म्हणून तर कळतं की मी जित्ती हाय."

मग तिची काठी हातातून सुटली. रूपानं उचलून दिली.

मॅडमनी खोली बघितली, कडी बघितली, न्हाणी बघितली, आणि तिथंच जिन्यात बसून सही केली. पुण्याची गाडी गेली असेल तशीच.

दिवेलागणीला केसरबाई आमच्याकडं आली आणि पाटावर बसून म्हणाली, "चहा टाका." आमच्याच कपातला प्याली. साखर कमी म्हणाली.

मंगळवार, ३ जून

संस्कृती रात्री रडली. रूपानं भिंतीवरून ओढणीच देऊन टाकली.

इंद्रजीतचा फोन. कधी येतेस? म्हटलं, पंधरवड्यात. कपडे काढून ठेवलेत.

रविवार, ८ जून

आज जीवच गेला होता माझा!

संस्कृती पलीकडं जेवायला गेली होती, ताईकडं. दुपारी नाचत परत आली ती हातात छोटं, नवंकोरं ताट घेऊन. त्यावर कोरलेलं — संस्कृती.

सगळ्या पोरी ताटाभोवती जमल्या. मग श्रेयानं किंकाळीच फोडली, "मावशी! संस्कृतीला काढलं!" आणि रडारड सुरू. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. संस्कृती आधी बावचळली, मग तिच्याही ध्यानात आलं की आपल्या हातात काय आहे. ताट फेकलं आणि माझ्या पायाला मिठी. "मी नाय जाणार, मावशी! मी केक खाल्ला नव्हता!"

मॅडमनी काही परस्पर ठरवलं की काय? म्हातारीनं पोर मागितली की काय? अनवाणीच गेले पलीकडं. मागं सगळी वरात.

केसरबाई लसूण सोलत बसलेली, शेजारी रूपा. "हे ताट काय म्हणून?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय म्हणून म्हंजे? पोरगी येती जेवायला. बहिणीच्या ताटावरून दोघी भांडतात. म्हणून बारकं आणाया सांगितलं तिच्या नावाचं." आमच्या तोंडांकडं बघून तीच घाबरली. "घरातल्या माणसाचं ताट घरात असतंच की! त्यात रडायचं काय झालं?"

रूपानं मान खाली घातली होती. आमच्याकडं ताट मिळण्याचा अर्थ काय, ते तिनं तरी का सांगितलं नाही हिला? मग कळलं, तिनं मुद्दामच सांगितलं नव्हतं; जाणाऱ्याचं नव्हे, राहणाऱ्याचं ताट हवं होतं तिला बहिणीसाठी.

इतकी वर्षं आम्ही पोरींना जाताना ताट देत आलो. राहणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव कशावर नाही, साध्या पेल्यावरसुद्धा नाही. पोरी समोरच्या ढिगातून हाताला येईल ते ताट उचलतात. मीही तेच करते. आणि हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही!

सोमवार, ९ जून

गुलमंडीला गेले. दुकानदार ओळखतो, म्हणाला, "आता कोण चाललं, ताई?"

"कुणी नाय. घरातल्या सगळ्यांची कोरा." एकेकीचं नाव सांगितलं. शेवटी माझंही सांगितलं, वच्छला.

इंद्रजीतला फोन करायचाय. पोरगं रागावणार.